कोकणच्या आर्थिक विकासाच्या नियोजनात जीवविज्ञानाची भूमिका

प्रस्तावना

प्रादेशिक विकासाचे नियोजन म्हटले की रस्ते, सिंचन, वीज, उद्योगक्षेत्रे आणि भांडवली गुंतवणूक यांचा विचार प्रथम केला जातो. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाची चर्चाही बव्हंशी याच परिमाणांवर झाली आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये सादर केलेल्या अहवालात राज्याच्या विविध भागांतील अनुशेष मोजला. त्यासाठी रस्ते, सिंचन, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य इत्यादी क्षेत्रांतील भौतिक सुविधांचा आधार घेण्यात आला. अनुशेष मोजण्यासाठी ही पद्धती आवश्यकच होती. परंतु एखाद्या प्रदेशाला काय कमी मिळाले हे तिच्यातून कळते. त्या प्रदेशाजवळ काय आहे आणि ते किती काळ टिकेल, हे कळत नाही.

ज्या प्रदेशाची अर्थव्यवस्था झाडे, मासे, जंगल आणि माती यांवर उभी आहे, तेथे हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे कोकणातील तीन जिल्हे याचे स्पष्ट उदाहरण होत. आंबा, काजू, कोकम, नारळ, सुपारी, भात आणि मासळी ही येथील उत्पन्नाची प्रमुख साधने आहेत. या सर्वांच्या वाढीचे नियम जैविक आहेत. त्यामुळे जीवविज्ञानाचे स्थान केवळ योजना आखून झाल्यावर घ्यावयाच्या तांत्रिक सल्ल्यापुरते राहू शकत नाही. ते योजनेच्या पहिल्या टप्प्यातच असावे लागते. कोकणच्या अनुभवाच्या आधारे हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जीवविज्ञान आणि प्रादेशिक नियोजन : संकल्पना

येथे जीवविज्ञान ही संज्ञा व्यापक अर्थाने वापरली आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आनुवंशिकी, परिस्थितिकी, मत्स्यविज्ञान, उद्यानविद्या आणि सार्वजनिक आरोग्याशी निगडित जीवशास्त्र यांचा त्यात समावेश होतो. जीवविज्ञानाचे आर्थिक महत्त्व सांगताना सामान्यतः औषधनिर्मिती, लसनिर्मिती आणि जैवतंत्रज्ञान उद्याने यांचाच उल्लेख होतो. पुण्यासारख्या शहरात संशोधन संस्था, कुशल मनुष्यबळ आणि उद्योग एकत्र आल्याने असा विकास झालाही आहे. परंतु ते प्रारूप प्रत्येक प्रदेशाला लागू पडत नाही. कोकणात प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्या जोडीइतकेच प्रयोगशाळा आणि बाग, प्रयोगशाळा आणि बंदर हे नाते महत्त्वाचे आहे.

अशा प्रदेशात जीवविज्ञान नियोजनाला चार गोष्टी पुरवू शकते. पहिली, कोणते पीक व कोणता वाण घ्यावा याची निवड. दुसरी, नैसर्गिक साठ्यातून किती घ्यावे याची मर्यादा. तिसरी, एका क्षेत्रातील बदलाचा दुसऱ्या क्षेत्रावर होणारा परिणाम. आणि चौथी, सजीवांच्या वाढीला लागणाऱ्या काळाचे भान. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

निवड : वाण, कलम आणि लागवड

कोकणातील कृषी संशोधनाची परंपरा जुनी आहे. कर्जत येथील भात संशोधन केंद्र १९१९ मध्ये, तर वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्र १९५७ मध्ये सुरू झाले. १८ मे १९७२ रोजी दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. या संस्थांच्या कार्याचा आर्थिक अर्थ समजून घेण्यासाठी कोकम आणि काजू ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

कोकमामध्ये नर आणि मादी झाडे सामान्यतः वेगवेगळी असतात. बियांपासून तयार केलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात आणि ही गोष्ट झाड फुलोऱ्यावर येईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे, कळत नाही. बागायतदाराने शंभर रोपे लावली, वाढवली आणि राखली, तरी त्यांपैकी सुमारे पन्नास झाडे फळच देणार नाहीत, असा याचा सरळ अर्थ होतो. उत्पादनक्षम मादी झाडाच्या फांदीपासून कलम करण्याच्या तंत्रामुळे ही अनिश्चितता दूर झाली. दापोलीच्या विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात प्रसारित केली. परसात आपोआप उगवणारे झाड लागवडीचे पीक होऊ शकले, ते या ज्ञानामुळे.

काजूबाबतही असेच घडले. पूर्वी काजूची लागवड बिया टोकून होत असे. अशा झाडांच्या उत्पन्नात आणि बीच्या आकारात मोठी तफावत असे. वेंगुर्ले केंद्राने निवड व संकर यांद्वारे विकसित केलेल्या जाती आणि मृदुकाष्ठ कलमाचे तंत्र यांमुळे एकसारखी लागवड शक्य झाली. १९९७ मध्ये प्रसारित झालेल्या वेंगुर्ला–७ या जातीच्या बीचे वजन सुमारे १० ग्रॅम असते. मोठ्या बीमुळे गराचा आकार वाढतो व प्रक्रिया करणाऱ्याला दर अधिक मिळतो. म्हणजे वाणाची निवड हा केवळ शेतीचा विषय राहत नाही. तो गावातील काजू प्रक्रिया उद्योगाच्या नफ्याचा विषय होतो.

हे ज्ञान हाताशी असताना १९९०-९१ पासून राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना राबविली. रोजगार आणि स्थायी मत्तानिर्मिती यांची सांगड घालणारी ही योजना कोकणासाठी मोलाची ठरली. डोंगरउतारावरील वरकस जमिनी आंबा व काजूखाली आल्या. संशोधन केंद्र, रोपवाटिका आणि सार्वजनिक वित्त यांचा संयोग झाला म्हणजे काय घडू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. मात्र योजनेचे यश प्रामुख्याने लागवडीखाली आलेल्या क्षेत्रात मोजले गेले. बागेची जैविक रचना कशी असावी, हा प्रश्न मागे पडला.

हापूस : नावलौकिक आणि एका वाणावरील अवलंबित्व

या मागे पडलेल्या प्रश्नाचे परिणाम हापूसमध्ये दिसतात. स्वाद व सुगंध यांमुळे हापूसला जी किंमत मिळते, ती अन्य आंब्याला क्वचितच मिळते. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. परंतु जैविक दृष्ट्या हा वाण नाजूक आहे. त्याला वर्षाआड फळे धरण्याची प्रवृत्ती आहे, फळात साका होतो आणि मोहोर येण्यासाठी हिवाळ्यातील थंड रात्रींची गरज असते. अवकाळी पाऊस वा ढगाळ हवा आली की भुरी, करपा आणि तुडतुडे यांचा प्रादुर्भाव वाढतो. सर्व बागा एकाच वाणाच्या असल्या की एकाच हवामानाचा फटका संपूर्ण जिल्ह्याच्या उत्पन्नाला बसतो.

संशोधकांनी या दोषांवर उपाय शोधले. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून निर्माण झालेली ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये प्रसारित झाली. ती नियमित फळे देते व तिच्यात साका होत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून अत्यंत पातळ कोय असलेली ‘सिंधू’ ही जात आली. तथापि बाजारात यांपैकी कोणतीही जात हापूसची जागा घेऊ शकली नाही. ग्राहकाने मान्य केलेले नाव आणि सुगंध संकरातून तंतोतंत पुढे नेता येत नाहीत. प्रयोगशाळेत यशस्वी झालेले वाण विपणनाची जोड नसेल तर प्रदेशाची अर्थव्यवस्था बदलू शकत नाही, हा यातील बोध आहे.

साक्याच्या कारणांचा शोध मात्र उपयुक्त दिशेने गेला. फळ झाडावर असतानाच कोयीत अंकुरणाशी संबंधित बदल सुरू होतात आणि गराची नैसर्गिक पक्वता बिघडते, असे पुढील संशोधनातून दिसून आले. दोष वरून दिसत नसल्याने तो ग्राहकाच्या घरी फळ कापल्यावरच कळतो. त्यामुळे एका पेटीतील काही फळांचा दोष संपूर्ण प्रदेशाच्या विश्वासार्हतेवर येतो.

वर्षाआड फळधारणेवर पॅक्लोब्युट्राझोल या वाढनियंत्रकाचा वापर रूढ झाला. शिफारशीत मात्रेत आणि खतपाण्याची जोड देऊन ते दिल्यास नियमित मोहोर मिळतो. परंतु अनेक बागा अल्प मुदतीच्या कराराने दिल्या जातात. दोन-तीन हंगामांसाठी बाग घेणाऱ्यास त्या काळात जास्तीत जास्त फळ हवे असते. झाडाच्या पुढील तीस वर्षांशी त्याचा संबंध नसतो. अशा स्थितीत मात्रेचा अतिरेक होण्याची शक्यता वाढते व झाडाचे नुकसान मूळ मालकाच्या वाट्याला येते. येथे प्रश्न रसायनाचा कमी आणि कराराच्या स्वरूपाचा अधिक आहे. जीवविज्ञान आणि अर्थशास्त्र एकत्र वाचल्याशिवाय तो उलगडत नाही.

निर्यात : कीड, प्रक्रिया आणि बाजारपेठ

परदेशी बाजारपेठेचे दार बहुधा जैविक निकषांवर उघडते वा बंद होते. सुमारे अठरा वर्षांच्या खंडानंतर २००७ मध्ये भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेस जाऊ लागला, तो विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. त्यावेळी ही प्रक्रिया नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे होत असे. म्हणजे कोकणातील फळाला घाट चढून जावे लागे. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशी आढळल्याच्या कारणावरून भारतीय आंब्याची आयात थांबविली आणि २०१५ च्या आरंभी ती बंदी उठविली. एका हंगामाचे नुकसान एका माशीमुळे झाले.

फळमाशीवरील एक उपाय कोकणातच तयार झालेला होता. दापोलीच्या विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘रक्षक’ सापळ्यात मिथिल युजेनॉलकडे नर माशा आकर्षित होतात आणि मरतात. साधन स्वस्त आहे. परंतु एकाच बागेत सापळे लावून भागत नाही. शेजारच्या बागेतील माशी कुंपण जाणत नाही. गावातील सर्व बागांत एकाच वेळी सापळे लागले आणि गळलेली फळे वेचून नष्ट केली, तरच परिणाम दिसतो. कीडनियंत्रणाचे एकक शेतकरी नसून गाव आहे, ही बाब योजनेच्या रचनेत उतरणे गरजेचे आहे. वैयक्तिक अनुदानापेक्षा सामूहिक कार्यक्रमास येथे प्राधान्य द्यावे लागते.

मर्यादा : सागरी मासेमारी

बागेत माणूस झाडे लावतो. समुद्रातील मासे तो लावत नाही, केवळ पकडतो. त्यामुळे मत्स्यव्यवसायात जीवविज्ञानाची भूमिका प्रामुख्याने मर्यादा सांगण्याची आहे. महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा आहे. यांत्रिकीकरण, बर्फ कारखाने आणि बंदरे यांमुळे मासळीचे उत्पादन वाढले. परंतु नौका व इंजिनांची शक्ती वाढविणे म्हणजे साठा वाढविणे नव्हे. अंडी घालण्यापूर्वीच पकडलेला मासा आजच्या उत्पन्नात जमा होतो आणि पुढील वर्षांच्या उत्पन्नातून वजा होतो.

हे तत्त्व धोरणात काही प्रमाणात आले आहे. १ जून ते ३१ जुलै या काळातील यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरील बंदीमागे खवळलेल्या समुद्रातील सुरक्षिततेबरोबरच माशांच्या प्रजननाचाही विचार आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अभ्यासाच्या आधारे २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीची क्षमता, क्षेत्र व कालावधी यांवर निर्बंध घालण्यात आले. २०२३ मध्ये राज्य शासनाने अनेक प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान निश्चित केले. त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा घोषित झाला.

या निर्णयांचा आर्थिक संदर्भ लक्षात घेणे आवश्यक आहे. साठा घटतो तेव्हा मोठी नौका अधिक दूर जाऊ शकते. रापण ओढणारा आणि लहान होडीवरचा मच्छीमार किनाऱ्याजवळच अडकतो. म्हणून साठ्याचे संरक्षण हा पर्यावरणाबरोबरच वितरणाचाही प्रश्न आहे. मर्यादा न पाळल्याचा पहिला फटका सर्वांत लहान घटकाला बसतो. मात्र नियम कागदावर असून भागत नाही. बंदरावर उतरणाऱ्या मासळीची प्रजातीनिहाय व आकारनिहाय नोंद सातत्याने झाली, तरच नियमांचा परिणाम तपासता येतो.

परस्परसंबंध : काजू, जंगल आणि माकडताप

एका क्षेत्रातील वाढ दुसऱ्या क्षेत्रात कोणता खर्च निर्माण करते, हे दाखविणारे उदाहरण दक्षिण सिंधुदुर्गातील आहे. माकडताप म्हणून ओळखला जाणारा क्यासनूर जंगल विकार प्रथम १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात आढळला. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले आणि पुढे तो सावंतवाडी परिसरातही पसरला. गोव्यातील सत्तरी भागातही याच सुमारास त्याचा प्रादुर्भाव झाला. या रोगाचा विषाणू गोचिडींमार्फत पसरतो. डिसेंबर ते मे हा त्याचा प्रमुख काळ आणि काजू गोळा करण्याचा हंगामही याच काळात येतो. जंगलाला लागून असलेल्या बागांत काजू वेचणारे, तसेच पालापाचोळा व सरपण गोळा करणारे मजूर यांना त्याचा धोका सर्वाधिक असतो.

काजू लागवडीचा जमाखर्च मांडताना कलम, खत, मजुरी आणि बाजारभाव धरले जातात. आजारपणात बुडालेला हंगाम कोठेच धरला जात नाही. तो मजुराच्या घरात मोजला जातो. याचा अर्थ काजू लावू नये असा होत नाही. मृत माकडांची त्वरित नोंद, गोचिडींचे सर्वेक्षण, हंगामापूर्वी मजुरांना गोचीड प्रतिबंधक साधने पुरविणे आणि जवळच्या अंतरावर रोगनिदानाची सोय असणे, हा काजू विकास कार्यक्रमाचाच भाग मानला पाहिजे. कृषी, वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य हे चार विभाग शासनात वेगळे असले, तरी गोचिडीला ते विभाग वेगळे नाहीत.

‘पडीक’ या शब्दाचा अर्थही याच संदर्भात तपासला पाहिजे. कोकणातील कातळसडे महसुली दृष्टीने अनुत्पादक समजले जातात. पावसाळ्यात याच सड्यांवर अल्पायुषी, अनेकदा प्रदेशनिष्ठ वनस्पतींचा बहर येतो. तेथे गुरे चरतात, डबकी साचतात आणि पाणी पायथ्याच्या विहिरींकडे झिरपते. सुरुंग लावून सड्यावर बाग केली की मालकाचे उत्पन्न वाढते, पण झालेली हानी कोणत्याही खात्यात लिहिली जात नाही. पश्चिम घाटासंबंधी प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा २०११ चा आणि डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील गटाचा २०१३ चा अहवाल यांवरील वाद बंदी की परवानगी या द्वंद्वातच अडकला. कोणत्या जमिनीचे जैविक कार्य कोणते, हा मूळ प्रश्न त्यात बाजूला पडला.

काळ : योजनेचे वर्ष आणि झाडाचे वर्ष

योजनेचे वर्ष ३१ मार्चला संपते. झाडाचे तसे नसते. आंब्याच्या कलमाला किफायतशीर उत्पन्न देण्यास अनेक वर्षे लागतात आणि पुढे ते झाड पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन परिसरात धडकले. नारळ आणि सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढील वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाचा फटका किनारपट्टीला बसला. काही गुंठ्यांच्या वाडीत दाटीने उभी असलेली नारळ, सुपारी, मिरी, जायफळ यांची बहुस्तरीय रचना हेक्टरच्या हिशोबात बसत नाही. एका वर्षाच्या उत्पन्नाची भरपाई ही पुनर्लागवड फळावर येईपर्यंतच्या कालावधीची भरपाई नसते. त्या कालावधीत कुटुंबाने कशावर जगावे, याचे उत्तर लवकर येणाऱ्या आंतरपिकांच्या आणि वादळात तग धरणाऱ्या वाडीच्या रचनेत शोधावे लागेल.

महाविद्यालयांची भूमिका

वरील प्रत्येक उदाहरणात एक उणीव समान आहे. ती म्हणजे स्थानिक, दीर्घकालीन आणि विश्वासार्ह नोंदींची. आंब्याला मोहोर कधी आला, बंदरावर कोणत्या आकाराची मासळी उतरली, सड्यावर कोणती वनस्पती दिसेनाशी झाली, याची वीस वर्षांची नोंद उपलब्ध असेल, तर नियोजनकाराला अंदाजावर विसंबावे लागणार नाही. अशा नोंदी राजधानीतील संस्था ठेवू शकत नाहीत. त्या तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र विभागांना शक्य आहेत.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या व लोक जैवविविधता नोंदवह्या अपेक्षित आहेत. मुदत गाठण्याच्या घाईत अशी नोंदवही केवळ प्रजातींची यादी होण्याचा धोका असतो. प्राध्यापक व विद्यार्थी यांच्या सहभागाने ती दरवर्षी अद्ययावत झाली आणि तिच्यात प्रजातीबरोबर तिचा उपयोग, किंमत व उपलब्धतेतील बदल नोंदले गेले, तर तोच गावाच्या आर्थिक नियोजनाचा दस्तऐवज होऊ शकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रमात आलेले क्षेत्रीय प्रकल्प यासाठी सुयोग्य माध्यम आहेत. दरवर्षी नवा विषय घेण्याऐवजी एकच निरीक्षण पुढच्या वर्गाकडे सोपविण्याची पद्धत मात्र विभागांना स्वीकारावी लागेल.

निष्कर्ष

१. सजीव संसाधनांवर आधारित प्रदेशात जीवविज्ञान हे नियोजनाचे पूरक अंग नसून त्याचा पाया आहे. कोकम व काजूच्या कलमांनी उत्पन्नातील अनिश्चितता कमी केली, ती योजनेच्या आधीच ज्ञान तयार असल्यामुळे.

२. लागवडीचे क्षेत्र वा नौकांची संख्या हे विकासाचे अपुरे मापक आहे. वाणांची विविधता, साठ्याची स्थिती आणि झाडांचे वय यांचाही जिल्हा नियोजनात समावेश व्हावा.

३. कीड, रोगप्रसार आणि मासळीचा साठा यांच्या सीमा प्रशासकीय सीमांशी जुळत नाहीत. त्यामुळे गावपातळीवरील सामूहिक कार्यक्रम आणि विभागांमधील समन्वय अपरिहार्य आहे.

४. जैविक मर्यादा ओलांडल्याचा खर्च बहुधा लहान बागायतदार, मजूर आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यावर पडतो. म्हणून त्या मर्यादांचा अभ्यास हा सामाजिक न्यायाचाही भाग ठरतो.

कोकणाजवळ संशोधनाची परंपरा आहे, मानांकनप्राप्त उत्पादने आहेत आणि शिक्षणसंस्थांचे जाळेही आहे. यांना जोडणारा दुवा म्हणजे सातत्याने ठेवलेल्या स्थानिक नोंदी. तो तयार करण्याचे काम महाविद्यालयांनी हाती घेतले, तर नियोजनाच्या तक्त्यातील हेक्टरचा आकडा आणि बागेत उभे असलेले झाड यांतील अंतर निश्चितच कमी होईल.